चौसष्ट टक्के कशाचे?

“मॅडम, ऑपरेशननंतर माझं 64 टक्के वजन उतरलं!” गंगापूर रोडवरून आलेल्या ताई. ऑपरेशन वजन कमी करण्याचं, म्हणजे बॅरिएट्रिक. त्या दिवशी 120 किलो, वर्षाने 84. खरंच 64 टक्के उतरलं असतं तर काट्यावर 43 दिसले असते आणि मी आधी सलाईन लावायला धावले असते.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग; त्याहून जास्त सांगत बसत नाही, ते कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कोणीही सांगेल. घोळ आहे तो टोटल आणि एक्सेस वेट लॉसचा.

टोटलमध्ये उतरलेल्या किलोंना सुरुवातीच्या वजनाने भागायचं. 36 भागिले 120, म्हणजे 30 टक्के. एक्सेसमध्ये भागायचं ते फक्त ‘जास्तीच्या’ वजनाने. ताईंची उंची 160 सेंमी. बीएमआय 25 धरला तर ‘आदर्श’ वजन 64, जास्तीचं 56. 36 भागिले 56, झाले 64 टक्के. किलो तेच, भाजक बदलला.

इथवर ठीक. पण ताईंच्या धाकट्या जाऊबाईंचंही ऑपरेशन झालेलं. उंची तेवढीच, वजन 95 वरून 66.5. टोटल त्यांचंही बरोबर 30 टक्के. जास्तीचं वजन मात्र 31 किलोच, म्हणून एक्सेस 92 टक्के! सुरुवातीचं वजन जितकं कमी, तितका हा आकडा फुगतो. घरात चर्चा काय, तर धाकटी पहिली आली. थोरलीने हिरमुसून दुपारचं पनीर सोडलं. प्रोटीन सोडलं की आधी स्नायू झडतात, पण ते ऐकतंय कोण!

त्यात ते ‘आदर्श’ कोणी ठरवायचं? भारतीयांसाठी बीएमआय 23 धरला की ताईंचे 64 टक्के 59 होतात, अंगावर ग्रॅमही न चढता. कुणी अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचा 1983 चा तक्ता धरतं. पंचवटीतल्या बाईला विमा कंपनीचं माप!

जुन्या अभ्यासांत एक्सेसच सापडतं, 50 टक्के म्हणजे यश ही रेघही तिथलीच. वाचताना कळावं म्हणून ते माहीत हवं. फाइलवर मला ते नकोच.

सुरुवातीचं वजन कुठल्या दिवसाचं तेही लिहा. यकृत लहान व्हावं म्हणून ऑपरेशनआधी जो लिक्विड डाएट देतात, त्यातच काही किलो जातात.

ताईंच्या फाइलवरचे 64 खोडून मी लिहिलं: ऑपरेशनच्या दिवशी 120, 12 महिन्यांनी 84, टोटल 30 टक्के. त्याखाली, लाल पेनने: पनीर चालू.