चरबीची वडी उन्हात टांगू नका

पक्ष्यांना खायला बाहेर धातूच्या जाळीच्या पिंजऱ्यात टांगायची चरबीची वडी आम्ही विकतो. उन्हाळा लागला की आमच्याकडे एकच तक्रार येते : “वडी वितळली, बदलून द्या.” परत आलेली वडी हातात घेतली की कारण बहुतेक वेळा लगेच कळते. ती दुपारच्या उन्हात, नाहीतर तापलेल्या भिंतीला लागून टांगलेली असते. एवढे एक टाळले तरी तुमचा हेलपाटा वाचेल, आमचा वेळ वाचेल आणि पक्ष्यांचे हालही टळतील.

आमची वडी सूएटची, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीच्या घट्ट चरबीची. कच्ची चरबी लवकर खवट होते, म्हणून आम्ही ती मंद आचेवर कढवतो, गाळतो आणि मगच त्यात बिया व वाळवलेल्या अळ्या मिसळून साच्यात ओततो. मीठ अजिबात घालत नाही. ही चरबी साधारण ४५ ते ५० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या बरीच आधी मऊ पडते. हवा ३० अंशांची असली तरी उन्हातली धातूची जाळी त्याहून पुष्कळ तापते. “मग मेण घालून कडक का करत नाही?” असे काही जण विचारतात. मेण बहुतेक पक्ष्यांना पचत नाही. वडी टिकावी म्हणून त्यांच्या पोटात नको ते घालणे आम्हाला पटत नाही.

मऊ वडीचा खरा त्रास पिसांना होतो. पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून पाणी आत शिरत नाही आणि ऊब टिकते. जाळीला बिलगून खाणाऱ्या पक्ष्याच्या छाती-पोटाला चरबी माखली की तंतूंचे झुपके होतात. पक्षी चोचीने पिसे पुन्हा पुन्हा विंचरतो, पण चरबी सुटत नाही. विणीच्या दिवसांत हेच पोट अंड्यांवर टेकते. कवचावरच्या ज्या सूक्ष्म छिद्रांतून आतल्या पिल्लाला हवा मिळते, ती चरबीने बुजू शकतात.

म्हणून वडी टांगण्याआधी अंगठ्याने दाबून बघा. ठसा उमटला किंवा बोट चकचकीत झाले, तर त्या दिवशी वडी बाहेर नको. खवट वास आला तर सरळ टाकून द्या. जागा दिवसभर सावलीची निवडा. पूर्ण वडी एकदम न लावता अर्धीच लावा, उरलेली फ्रीजरमध्ये ठेवा. रात्री जाळी आत घेतली तर उंदीर-घुशीही येत नाहीत.

थंडीत मात्र हात आखडू नका. एक ग्रॅम चरबीतून ९ किलोकॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थांतून जेमतेम ४. पंधरा-वीस ग्रॅमचा पक्षी थंडीच्या एका लांब रात्रीत वजनाचा दहावा भाग गमावू शकतो. अशा वेळी पहाटे मिळालेले चार घास त्याला तारतात. नव्या जागी पक्षी यायला कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, तोवर जागा बदलू नका.

तळणीतली उरलेली चरबी घरी थिजवून दिली तर चालेल का, असेही विचारतात. नको. तिच्यात मीठ असते आणि ती फार मऊ राहते. तसेच मऊ प्लास्टिकच्या जाळीतले गोळे आम्ही ठेवत नाही, कारण त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. दुसरीकडून आणले असतील तर जाळी कापून काढा आणि गोळे धातूच्या पिंजऱ्यात ठेवा.

पिंजरा आठवड्यातून एकदा गरम पाण्याने घासा, पूर्ण वाळवा, मग हात धुवा. पिसे फुलवून मरगळलेला बसलेला पक्षी दिसला तर दोन-तीन आठवडे खाणे बंद ठेवा, म्हणजे आजार एकाच पिंजऱ्यावरून बाकीच्यांत पसरणार नाही.

कडक उन्हाळ्यासाठी आमच्याकडे सोललेल्या बियांचे, चरबी नसलेले मिश्रण आहे. त्या महिन्यांत वडीऐवजी तेच न्या. घरी जुना पिंजरा असेल तर येताना घेऊन या, त्याच्या मापाची वडी कापून देऊ.