दुर्बिणीच्या ऑपरेशनातली अवजारं

पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन करून घ्यायला मिरजेला जत-आटपाडीपासून पलीकडच्या अथणी-चिकोडीपर्यंतचे पेशंट येतात. टाके किती पडणार आणि घरी कधी सोडणार, एवढं सगळे विचारतात. अवजारांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. खरं तर दुर्बिणीच्या ऑपरेशनातली गंमत तिथंच आहे, आणि धास्तीही.

पहिलं अवजार म्हणजे व्हेरेस सुई. पोटाच्या भिंतीला आतून आतडी जवळजवळ टेकलेलीच असतात. धारदार सुई नुसती खुपसली तर आतड्याला भोक पडायचं. म्हणून या सुईत स्प्रिंगवर बसवलेली एक बोथट नळी असते. स्नायूंचा विरोध असेपर्यंत ती मागे दबून राहते आणि पोकळीत शिरताच टचकन पुढे येऊन धार झाकते. हंगेरीच्या यानोश वेरेश या डॉक्टरांनी १९३०च्या दशकात ही सुई बनवली ती पोटासाठी नव्हे, क्षयरोग्यांसाठी. छातीत हवा भरून रोगट फुफ्फुस मिटवायचं आणि त्याला विश्रांती द्यायची, असा तेव्हाचा उपचार होता. क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन यायचं होतं आणि आपल्या मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं सॅनेटोरियम क्षयाच्या रुग्णांसाठी चालत होतं, तो हा काळ.

आत काम करायला जागा व्हावी म्हणून या सुईतून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो पेट घेत नाही, रक्तात चटकन विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. यंत्र दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका राखतं. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, असं काही पेशंट सांगतात. यात वेड्यासारखं काही नाही. श्वासपटल चाळवलं गेलं की त्याची कळ खांद्यात जाणवते.

मग बेंबीपाशी १० मिलिमीटरची नळी, म्हणजे पोर्ट, आणि इतरत्र बहुतेक ५ मिलिमीटरचे. गॅस निसटू नये म्हणून प्रत्येकात झडप असते. दुर्बीण गार आणि पोट उबदार, दमट, त्यामुळे काच धुरकटते. त्यावर उपाय म्हणजे गरम पाण्याचा थर्मास! लाखोंच्या कॅमेऱ्याशेजारी तो असतोच. सर्जनचा हात उजवीकडे गेला की आतलं टोक डावीकडे जातं, कारण पोर्ट हा टेकू होतो. हाताला हे वळण लागायला बराच सराव लागतो. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी टायटॅनियमच्या इवल्याशा क्लिपांनी बंद करून मधून कापतात. सुटलेलं पित्ताशय पिशवीत घालून बाहेर ओढतात आणि कित्येक ठिकाणी ही पिशवी म्हणजे निर्जंतुक हातमोजा असतो. १९८५ साली एरिख म्यूह यांनी जर्मनीत असं पहिलं पित्ताशय काढलं. भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी.

आता धास्तीची बाजू. पोर्टमधून आत घालायच्या सुमारे फूटभर लांबीच्या चिमट्यांतून रक्त थांबवायला वीजही जाते, म्हणून दांडीवर विद्युतरोधक आवरण असतं. त्याला केसाएवढी चीर पडली तरी तिथून ठिणगी उडून आतडं भाजू शकतं. कॅमेरा टोकावर रोखलेला, त्यामुळे ते पडद्यावर दिसतही नाही. त्याचा त्रास काही दिवसांनी सुरू होतो. म्हणून प्रत्येक ऑपरेशनआधी आवरण बारकाईने तपासायचं असतं.

दुसरी काळजी धुण्याची. चिमट्याच्या सांध्यात रक्त वाळून बसतं. मूठ, आवरण आणि आतली दांडी सुटी करून ब्रशने घासल्याशिवाय ते निघत नाही. मळ राहिला तर निर्जंतुक करणं वाया जातं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, उत्तम, पण जुनी अवजारं नि दुर्बिणी त्यात टिकत नाहीत. मग ती ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवतात. २० मिनिटांत बहुतेक जंतू मरतात, पण चिवट बीजाणू (काही जंतूंची कवचबंद रूपं) मारायला १० तास लागतात. त्यातच अवजार नंतर नळाच्या पाण्याने विसळलं, तर पाण्यातले क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद त्यावर चढतात. टाके सुकलेले असतात, पेशंट कामाला लागलेला असतो आणि काही आठवड्यांनी बेंबीपाशी गाठ येऊन पू वाहू लागतो. नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत आणि खास औषधं महिनोन् महिने घ्यावी लागतात.

दिवसाला चार ऑपरेशनं आणि अवजारांचा सेट एकच असेल, तर दोन पेशंटच्या मध्ये ते १० तास आणायचे कुठून? ऑटोक्लेव्ह चालणारा दुसरा सेट घेण्याचा खर्च मला कॅमेरा बदलण्यापेक्षा आधीचा वाटतो.