इरावतीवरच्या आगबोटी

ब्रह्मदेशच्या थिबा राजाला २९ नोव्हेंबर १८८५ रोजी इंग्रजांनी मंडालेहून खाली नेलं, ते 'थूरिया' या आगबोटीतून. पुढे तो रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला, हे आपल्याला ठाऊक असतं. ती आगबोट मात्र सरकारी नव्हती, इरावती फ्लोटिला कंपनीची होती. राजावर चालून आलेली फौजही त्याच महिन्यात याच कंपनीच्या बोटींतून इरावती नदीने वर चढली होती.

कंपनीचं मूळच लढाईत आहे. १८५२ च्या दुसऱ्या इंग्रज-बर्मी युद्धात आणलेल्या आगबोटी नंतर टपाल आणि शिपाई वाहत राहिल्या. त्या सरकारने विकायला काढल्यावर स्कॉटिश व्यापाऱ्यांनी १८६५ मध्ये ग्लासगोत ही कंपनी काढली. १८६८ मध्ये तिच्या बोटी मंडालेला आणि वर्षभरात चीनच्या सीमेजवळच्या भामोला पोहोचल्या. म्हणजे राज्य जिंकण्याच्या कितीतरी आधी वाट तयार होती. कंपनीच्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

नदी सोपी नव्हती. पावसाळ्यात ती फुगायची, उन्हाळ्यात वाळूचे दांडे उघडे पडायचे, आणि दर वर्षी पात्रातली खोल वाट जागा बदलायची. म्हणून बोटी सपाट तळाच्या, अगदी थोड्या पाण्यात तरंगणाऱ्या. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभा राहून खलाशी बांबूने पाणी मापायचा आणि ओरडून आकडा सांगायचा. हे खलाशी आणि सारंग, म्हणजे बोटीचे नाखवे, बहुतेक चितगावचे. मोठ्या बोटीच्या दोन्ही अंगांना मालाचे पडाव, म्हणजे मालवाहू होड्या, बांधलेले असत, त्यात भात, कापूस, तेल. स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या डेनी गोदीत बांधलेल्या बोटी सुट्या करून जहाजाने यायच्या आणि रंगूनसमोरच्या डल्ला इथे पुन्हा जोडल्या जायच्या.

१८८९ मध्ये रेल्वे मंडालेला पोहोचली, तरी कंपनी वाढतच गेली. १९२० च्या दशकात तिच्याकडे सहाशेहून अधिक लहानमोठ्या बोटी होत्या आणि वर्षाला सुमारे ९० लाख उतारू त्यांतून जात.

१९४२ मध्ये जपानी फौज वर सरकू लागली. बोटी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून कंपनीच्याच माणसांनी त्या नदीत बुडवल्या. ज्यांनी त्या चालवल्या, त्यांनाच त्यांच्या तळाला भोकं पाडावी लागली.

युद्धानंतर थोड्या नव्या बोटी आल्या. पण ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला आणि जूनमध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. १९४७ मध्ये स्कॉटलंडमध्ये बांधलेली 'पंडाव' नंतर डागडुजी होऊन पर्यटकांना घेऊन पुन्हा इरावतीवर फिरू लागली.