वळूच्या पाठीवरची चार-पाच मिनिटं

एक साधं गणित करू. वळूवर बसायला शिकणारा एखादा मुलगा १०० वेळा बसला आणि दर वेळी नियमाचे पूर्ण ८ सेकंद टिकला, तरी त्याचा सगळा सराव होतो ८०० सेकंदांचा. म्हणजे १३ मिनिटं २० सेकंद. नवखा पोरगा तर दोन-तीन सेकंदांतच मातीत असतो, त्यामुळे शंभर वळू झाले तरी त्याच्या पदरात जेमतेम चार-पाच मिनिटं पडतात. एवढ्या वेळात कुणाला सायकलसुद्धा येत नाही. मग टेक्सास, ओक्लाहोमा, वायोमिंगमधली पोरं ही विद्या शिकतात तरी कशी? या एका प्रश्नापायी मी रोडिओकडे, म्हणजे अमेरिकी गुराख्यांच्या या खेळाकडे, ओढला गेलो.

आपण बैल म्हणतो तो खच्ची केलेला, औताला जुंपायचा. रोडिओत असतो तो वळू, ७०० ते ९०० किलोंचा. एका हाताने दोर धरायचा, दुसरा हात हवेत ठेवायचा, आणि तो मोकळा हात वळूला लागला की बाद. वळूचा खांदा फाटकाच्या बाहेर आला की घड्याळ सुरू होतं. ८ सेकंद टिकलात तर १०० पैकी गुण मिळतात, त्यातले निम्मे तुमचे आणि निम्मे वळूचे. वळू जेवढा बेफाम, तेवढे गुण जास्त. पैकीच्या पैकी गुण आजवर एकदाच मिळालेत, वेड लेस्लीला, १९९१ साली ओरेगॉनमधल्या सेंट्रल पॉइंटला.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा सगळा मनगटाच्या ताकदीचा खेळ. पण ९०० किलोंपुढे कुणाचं मनगट पुरणार? १९६७ साली ओक्लाहोमा सिटीत टोर्नेडो नावाच्या वळूवर अखेर एक जण टिकला. त्याआधी २०० हून अधिक स्वारांना त्या वळूने खाली आपटलं होतं. टिकला तो फ्रेकल्स ब्राउन, वय वर्षं ४६.

खरी अडचण वेळेची आहे. समोर दिवा लागला की बटण दाबा असं सांगितलं, तर चपळ माणसालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो. वळूने डावीकडे गिरकी घेतली हे डोळ्यांनी पाहून, समजून मग उजव्या मांडीला हुकूम द्यायचा म्हटलं, तर हुकूम पोचेपर्यंत कंबर सरकलेली असते. पण शरीरात याहून जलद यंत्रणा आहेत. त्यातली एक आत्ता, बसल्या जागी तपासता येईल. मोबाइल स्थिर धरा आणि नाही-नाही म्हणतो तशी मान भराभर हलवत हा परिच्छेद वाचा. वाचता येतो. आता मान स्थिर ठेवून तेवढ्याच वेगाने मोबाइल हलवा. अक्षरं फिसकटतात.

हा फरक कानामुळे पडतो. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की नळीही वळते, पण आतला द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो आणि तिथल्या बारीक केसांना वाकवतो. तेवढ्यावरून मेंदूला कळतं, डोकं कुठे आणि किती वेगाने वळलं. तिथून डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत निरोप पोचून डोळे उलट दिशेला फिरायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. विचाराला यात जागाच नाही.

वळूवर बसायला शिकवणारा माणूस पहिल्या दिवसापासून एकच घोकतो: हनुवटी छातीला, नजर वळूच्या खांद्यांवर. 'जिकडे बघशील तिकडे पडशील' हे तिथल्या प्रत्येक शाळेत ऐकू येतं. मला हे वाक्य शास्त्राच्या कसोटीवर फार पक्कं वाटतं. डोकं साडेचार-पाच किलोंचं असतं. ते बाजूला वळलं की मागोमाग खांदा वळतो, मग कंबर, आणि मांड सुटते. हनुवटी दाबलेली असली की धडाच्या वर लोंबकळणारं हे वजन ताब्यात राहतं आणि कानातल्या नळ्यांना मिळणारी खबरही स्वच्छ राहते.

पण नुसती प्रतिक्षिप्त क्रियाही पुरत नाही, अंदाज लागतो. भरलेली समजून रिकामी कळशी उचलली की ती हातात उडते ना? मेंदूने वजनाचा अंदाज आधीच बांधलेला असतो आणि स्नायूंना तेवढा जोर आगाऊ देऊन ठेवलेला असतो. हे आगाऊ हिशेब मुख्यतः अनुमस्तिष्कात, डोक्याच्या मागे खालच्या बाजूला असलेल्या छोट्या मेंदूत होतात. हिशेब चुकला की तो दुरुस्त होतो, पुढच्या खेपेला चूक थोडी कमी होते. वळूचा पुढचा भाग वर येताना छाती पुढे न्यायची, मागचे पाय झाडताना कंबर खाली दाबून धरायची, गिरकीत मोकळ्या हाताने तोल राखायचा: हे सगळं वळू करायच्या किंचित आधी सुरू व्हावं लागतं. हात मागे फेकला गेला की खांदा उघडतो आणि खेळ संपतो.

ही चूक-दुरुस्ती चार-पाच मिनिटांत भागत नाही, म्हणून खोटा वळू लागतो. परसात चार खांब, त्यांना दोरांनी टांगलेलं एक पिंप, पिंपाभोवती खरा दोर. एक जण वर बसतो, बाकीचे दोस्त चारही बाजूंनी दोर ओढून त्याला हेलकावे देतात. संध्याकाळभर हेच. पिंपाला लाथ मारता येत नाही, पण कंबरेला हजार चुका करू देण्याची मुभा त्यावरच मिळते. खऱ्या जनावरांची चढणही हळूच: लहान मुलं मेंढीवर बसतात, मग वासरं, मग खच्ची केलेले गोऱ्हे, शेवटी वळू.

दोर बांधणं एकदा जवळून पाहण्यासारखं असतं. शूट म्हणजे वळूच्या अंगाएवढाच लोखंडी कप्पा. सपाट विणलेला दोर वळूच्या छातीभोवती, पुढच्या पायांच्या लगेच मागून घेतलेला. स्वार हातमोज्याने दोर वर-खाली घासतो. मोज्याला आणि दोराला राळ चोळलेली असते, घासून ती तापते आणि चिकट होते. जोडीदार दोराचं टोक वर खेचतो. स्वार ते तळहातावर घेतो, पंजाच्या मागून फिरवून पुन्हा तळहातात आणतो, मूठ मिटतो आणि दुसऱ्या हाताने त्या मुठीवर दणके देतो. मुठीशी गाठ कुठेच नाही. खाली वळूच्या पोटाशी याच दोराला घंटा लटकते. मूठ उघडली की घंटेच्या वजनाने दोर आपोआप गळून पडावा, म्हणून.

वळूच्या कमरेला मागे बांधलेल्या दुसऱ्या पट्ट्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. तो वृषणांना बांधलेला नसतो. मागच्या पायांच्या पुढे, कुशीभोवती असतो, आणि तो झटकायला वळू पाय झाडतो. तरी या खेळात जनावराला कुणी विचारत नाही, हा आक्षेप मला खोटा वाटत नाही.

वळूही शिकतो. दोन वर्षांच्या खोंडाच्या पाठीवर माणसाऐवजी एक छोटा डबा बांधतात. त्याने चांगल्या उड्या घेतल्या की रिमोटने डबा सोडून देतात. उडी मारली की ओझं जातं, हे त्याच्या मेंदूत बसतं. बाकीचं रक्तातून येतं. रोडिओच्या पुष्कळ वळूंत अमेरिकी 'ब्राह्मण' जातीचं रक्त आहे, आणि ती जात घडली ती भारतातून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा व्हॅली या गुरांपासून. वायोमिंगच्या मैदानात उधळणाऱ्या वळूचं ते वशिंड आपल्या कृष्णाकाठच्या गोठ्याशी नातं सांगतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ रोडिओतल्या एका वळूच्या फोटोतल्या वशिंडाकडेच बघत बसलो होतो.

उतरणंही शिकावं लागतं. ज्या हाताने दोर धरला त्याच बाजूला उतरायचं. उलट बाजूला पडलात तर मनगट दोरात पिळवटतं आणि माणूस वळूच्या बरगडीशी लटकत फरफटतो. जमिनीला पाय लागले की मागे न बघता पळायचं. लेन फ्रॉस्ट हा या खेळातला फार गुणी स्वार. १९८८ मध्ये रेड रॉक या वळूवर सातपैकी चार वेळा तो टिकला होता, आणि त्याआधी ३०९ प्रयत्नांत त्या वळूवर कुणीच टिकलं नव्हतं. ३० जुलै १९८९ ला शायेनमध्ये लेनने आठ सेकंद पुरे केले, तो उतरला, चिखलात पडला आणि वळूने त्याला मागून धडक दिली. बरगड्या तुटल्या, रक्तवाहिनी फाटली. तो २५ वर्षांचा होता. त्याचा मित्र कोडी लॅम्बर्ट याने त्यानंतर छाती-पाठ झाकणारं जाकीट तयार केलं. शिंगाचा घाव मोठ्या भागावर पसरवणारं ते जाकीट आज सगळे घालतात.

डोक्याचं तसं होत नाही. कानातला द्रव ज्या जडत्वामुळे मागे रेंगाळतो आणि आपल्याला तोल देतो, त्याच जडत्वाने मेंदूही कवटीच्या आत मागे राहतो. जमिनीवर आपटून कवटी थांबते, मेंदू थांबत नाही. हेल्मेटने कवटी आणि चेहरा वाचतो, पण आतला हा हेलकावा पुरता थांबत नाही. कॅनडाचा वळूस्वार टाय पोझोबॉन जानेवारी २०१७ मध्ये गेला, तोही २५ वर्षांचाच. कुटुंबाने त्याचा मेंदू तपासणीसाठी दिला, आणि त्यात सीटीई आढळला: डोक्याला वारंवार मार बसून मेंदू झिजवत नेणारा आजार, ज्याचं पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. व्यावसायिक वळूस्वारात तो पहिल्यांदाच सिद्ध झाला होता.

मेंदूला धक्का बसल्यावर बिघडणाऱ्या गोष्टींत तोल, नजर स्थिर राहणं आणि प्रतिसादाचा वेग या तीन असतात. पिंपावर संध्याकाळच्या संध्याकाळ घालवून कमावलेलं तेच. ते सावरायला काही दिवस, कधी आठवडे लागतात, आणि रोडिओच्या मोसमात पुढचा वळू बहुतेक वेळा त्याच आठवड्यात असतो. २०१३ पासून पीबीआर या मुख्य व्यावसायिक स्पर्धेत १५ ऑक्टोबर १९९४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक स्वाराला हेल्मेट सक्तीचं आहे. त्याआधी जन्मलेल्यांना टोपी चालते.