चौऱ्याऐंशी धावांचा खड्डा

२००१ च्या ऑक्टोबरात ओकलंड ॲथलेटिक्स हा बेसबॉल संघ न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध पहिले दोन सामने जिंकून पुढचे तिन्ही हरला आणि स्पर्धेबाहेर पडला. त्या हंगामात या संघानं १६२ पैकी १०२ सामने जिंकले होते. खरा धक्का मात्र पुढच्या काही आठवड्यांत बसला. संघाचा सर्वोत्तम फलंदाज जेसन जिआंबी यांकीजकडे गेला, सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर घेऊन. पहिल्या क्रमांकावर खेळणारा जॉनी डेमन बोस्टनला गेला, चार वर्षांचे ३ कोटी १० लाख डॉलर ठरवून. सामन्याचा शेवट सांभाळणारा पिचर (चेंडू टाकणारा) जेसन इझरिंगहाउझन सेंट लुईसला गेला. पुढच्या हंगामासाठी ओकलंडकडे संपूर्ण संघाच्या पगाराला सुमारे ४ कोटी डॉलर होते. यांकीजचा आकडा साडेबारा कोटींच्या घरात होता.

एप्रिलपर्यंत संघ पुन्हा उभा करायचा होता. त्या हिवाळ्यात सरव्यवस्थापक बिली बीन आणि हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकलेला त्याचा तरुण सहायक पॉल डीपोडेस्टा यांनी जे केलं, त्याची गोष्ट पुढे जगभर पोहोचली. ती बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. उरलेल्या अर्ध्या भागातलं गणित मला जास्त मोलाचं वाटतं, म्हणून इथे दोन्ही भाग मांडतो.

आधी खेळाचा गाभा. एकदिवसीय क्रिकेटमध्ये षटकं संपली की डाव संपतो. बेसबॉलमध्ये षटकं नाहीत आणि सामन्याला वेळेची मर्यादाही नाही. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन फलंदाज बाद झाले की एक डाव संपतो. म्हणजे हाताशी एकूण २७ बाद, तीच सगळी पुंजी. ती संपेपर्यंत हव्या तितक्या धावा करा. बेस म्हणजे धावेच्या वाटेवरचे थांबे; तिन्ही ओलांडून मूळ जागी परतलं की एक धाव. मग फलंदाजाला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की तो बाद न होता किती वेळा बेसवर पोहोचतो? या प्रमाणाला ऑन-बेस पर्सेंटेज म्हणतात. चेंडू मारून पोहोचला, चार वाईट चेंडू सोडून 'वॉक' मिळवला किंवा अंगावर चेंडू लागला, तिन्ही यात धरले जातात. पारंपरिक फलंदाजी सरासरीत, म्हणजे फटका मारून बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणात, मात्र वॉकची किंमत शून्य.

ती शून्य असायला नको, हे १९६३ साली कॅनडाच्या संरक्षण खात्यातले संशोधक जॉर्ज लिंडसी यांनी आकड्यांनी दाखवलं. त्यांच्या वडिलांनी शेकडो सामन्यांच्या तपशीलवार नोंदी करून ठेवल्या होत्या. तीन बेसवर कोण उभं आहे याच्या आठ शक्यता, आणि शून्य, एक किंवा दोन बाद या तीन. एकूण २४ परिस्थिती. प्रत्येक परिस्थितीपासून डाव संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात, एवढंच त्यांनी मोजलं. आजच्या आकड्यांत सांगायचं तर बेस रिकामे आणि कोणी बाद नाही, तिथून सरासरी साधारण अर्धी धाव होते. पहिल्या बेसवर एक जण असेल तर ०.९. म्हणजे डावाच्या सुरुवातीला घेतलेल्या साध्या वॉकनं संघाच्या खात्यात ०.४ धाव पडते. सगळ्या परिस्थितींची सरासरी काढली तर वॉकची किंमत सुमारे ०.३ धाव येते, एकेरी फटक्याची, म्हणजे पहिल्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्याची, जवळपास ०.४७. म्हणजे वॉक हा एकेरी फटक्याच्या दोन तृतीयांश मोलाचा, आणि वर्तमानपत्रातल्या सरासरीत त्याचा मागमूस नाही.

याच तक्त्यानं जुन्या समजुतीही तपासता येतात. पहिल्या बेसवरच्या खेळाडूला दुसऱ्या बेसवर नेण्यासाठी फलंदाजानं मुद्दाम बाद व्हायचं, याला 'सॅक्रिफाइस बंट' म्हणतात आणि प्रशिक्षक त्याचं भारी कौतुक करत. आधी अपेक्षा ०.९ धावांची होती, नंतर राहते ०.७ ची. त्याग केला आणि तोटा पदरात पडला. बेस चोरण्याचंही, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे धाव घेण्याचंही, तसंच. जमलं तर पाव धावेच्या आत फायदा, पकडले गेलात तर अर्ध्या धावेहून जास्त नुकसान. चारातले तीन प्रयत्न यशस्वी होणार नसतील तर धावूच नये. ओकलंडनं या दोन्ही गोष्टी फार कमी केल्या.

आता जिआंबीचा हिशेब. २००१ मध्ये तो ६७१ वेळा फलंदाजीला आला आणि ३२० वेळा बेसवर पोहोचला. प्रमाण ०.४७७, अफाट. बाद झाला ३५१ वेळा. त्याच्या जागी ०.३७४ प्रमाणाचा, म्हणजे चांगल्यापैकी फलंदाज तेवढ्याच वेळा खेळवला तर तो ४२० वेळा बाद होईल. फरक ६९ बादांचा. एका सामन्याचे २७ धरले तर अडीच सामन्यांची संपूर्ण फलंदाजी हवेत गेली. त्यात जिआंबीचे ३८ होमरन (एका फटक्यात सगळे बेस पार) आणि ४७ दुहेरी फटके (थेट दुसऱ्या बेसपर्यंत) धरा. माझ्या ढोबळ गणितानं हा एकटा खड्डा साठ-सत्तर धावांचा होतो. बेसबॉलमध्ये साधारण दहा धावांचा फरक म्हणजे एक विजय, तेव्हा सहा-सात विजय एका माणसाबरोबर न्यूयॉर्कला गेले. दुसरा जिआंबी विकत घेणं ओकलंडच्या आवाक्याबाहेर होतं. त्यांनी धावा सुट्या भागांत विकत घ्यायचं ठरवलं, जिथे बाजारानं किंमत चुकीची लावली होती तिथून.

वर सांगितलेला ०.३७४ वाला फलंदाज काल्पनिक नाही. त्याचं नाव स्कॉट हॅटेबर्ग. तो बोस्टनचा कॅचर होता. कॅचरला यष्टिरक्षकासारखं बसून चेंडू अडवावे लागतात, आणि कोणी बेस चोरू लागला तर गुडघ्यांवरून उठून क्षणार्धात दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे जवळजवळ ३९ मीटर, सणसणीत फेक करावी लागते. हॅटेबर्गच्या उजव्या कोपरातली नस दुखावली होती. ती फेक संपली, म्हणून बाजाराच्या लेखी हॅटेबर्गही संपला. बोस्टननं त्याला कोलोराडोकडे पाठवलं आणि कोलोराडोनं डिसेंबरात करार न करताच मोकळं सोडलं. ओकलंडनं वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी पैशांत त्याला घेतलं आणि पहिल्या बेसवर उभं करायचं ठरवलं. त्या जागी फेकी कमी कराव्या लागतात आणि झेलावं जास्त लागतं. नस दुखावली तरी नजर शाबूत होती. वाईट चेंडूला बॅट न लावणं हे कौशल्य त्याच्याकडे पक्कं होतं. २००२ मध्ये त्यानं ६८ वॉक मिळवले आणि तो फक्त ५६ वेळा स्ट्राइक-आउट, म्हणजे चेंडू मैदानात न मारताच बाद, झाला.

इथे एक शास्त्रीय मुद्दा आहे, त्यावर थोडं थांबायला हवं. फलंदाजी सरासरी एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे फार हेलकावे खाते, कारण मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात जातो की दोघांच्या मधून निघतो यात नशिबाचा वाटा मोठा असतो. वॉक घेण्याचं प्रमाण त्या मानानं स्थिर राहतं. तो गुण फलंदाजाच्या सवयीतला आहे, मैदानावरच्या योगायोगातला नाही. पैसे कमी असलेल्या संघानं मागच्या वर्षाच्या नशिबाला पगार देऊ नये, आणि टिकणारा गुण हेरायला आकडेशास्त्र नेमकं तिथेच कामाला येतं. हॅटेबर्गला नव्या जागेवर खेळायला शिकवणं मात्र कोणत्याही तक्त्याला जमलं नसतं. ते प्रशिक्षक रॉन वॉशिंग्टन यांनी रोज त्याच्याकडून सरपटते चेंडू अडवून घेत केलं.

बाकीची खरेदी याच धाटणीची होती. डेव्हिड जस्टिस त्या हंगामात ३६ वर्षांचा होत होता. पाय मंदावले होते, डोळा नाही. न्यूयॉर्कच्याच मेट्स या दुसऱ्या संघाकडून त्याला घेताना पगाराचा काही भाग मेट्सनंच उचलला. इझरिंगहाउझनच्या जागी टोरांटोहून बिली कॉक आला आणि त्यानं ४४ सामने राखून दिले. हा सौदा फुकट नव्हता. बदल्यात दिलेला एरिक हिन्स्की त्याच वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. कमी पैशांत बांधणी करणाऱ्यांच्या यशोगाथांत अशा किमती हटकून गाळल्या जातात, म्हणून मुद्दाम सांगतो.

हंगाम सुरू झाला आणि मेच्या उत्तरार्धापर्यंत संघाची अवस्था होती २० विजय, २६ पराभव. उरलेल्या ११६ सामन्यांत ओकलंडनं ८३ जिंकले. ऑगस्ट-सप्टेंबरात सलग २०. चार सप्टेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध विसावा सामना होता. ओकलंड ११-० असं पुढे गेलं, मग कॅन्सस सिटीनं ११-११ बरोबरी साधली, आणि नवव्या डावात बदली फलंदाज म्हणून उतरलेल्या हॅटेबर्गनं होमरन मारून सामना संपवला. अखेर १०३ विजय. जिआंबी असताना १०२ आणि नसताना १०३!

गोष्ट बहुतेकदा इथेच थांबते आणि ऐकणारा समजतो की तिघं गेले तरी संघ आणखी चांगला झाला. तो झाला नाही. २००१ मध्ये ओकलंडनं ८८४ धावा केल्या होत्या, २००२ मध्ये ८००. चौऱ्याऐंशी धावांचा खड्डा तसाच राहिला. दिलेल्या धावा ६४५ वरून ६५४ झाल्या, म्हणजे होत्या तिथेच.

यावरून खरी ताकद काढायला बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांचं एक सुंदर सूत्र आहे. केलेल्या धावांचा वर्ग घ्या, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेनं भागा. येईल ते विजयाचं अपेक्षित प्रमाण. वर्गांमुळे त्याला पायथॅगोरसचं नाव पडलं. २००१ साठी उत्तर येतं सुमारे १०६ विजय, २००२ साठी सुमारे ९७. पहिल्या वर्षी संघाला ताकदीपेक्षा चार विजय कमी मिळाले आणि दुसऱ्या वर्षी सहा जास्त. अटीतटीचे सामने कोणाच्या बाजूनं झुकतात यावर एका हंगामात एवढा फरक सहज पडतो. मूळ ताकद नऊ विजयांनी घटली होती.

म्हणून हा प्रयोग फसला असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट, ४ कोटींत ९७ विजयांचा संघ उभा करणं थक्क करणारं आहे. पण त्या ९७ चा पाया हॅटेबर्गच्या वॉकमध्ये शोधू नये. तो टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो या तीन पिचरांत होता. तिघांनी मिळून ५७ सामने जिंकले, झिटोनं एकट्यानं २३, आणि त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, मिगेल तेहादा त्या वर्षी लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ओकलंडनं त्याला करारबद्ध केलं तेव्हा दिले होते २,००० डॉलर.

हे चौघं ओकलंडला परवडत होते ते लीगच्या एका नियमामुळे. मोठ्या लीगमध्ये आलेला खेळाडू पहिली सहा वर्षं त्याच संघाला बांधलेला असतो. पहिली तीन वर्षं पगार संघ ठरवतो, बहुधा किमान वेतनाच्या आसपास. २००२ मध्ये ते २ लाख डॉलर होतं. पुढची तीन वर्षं लवादाच्या मार्गानं पगार वाढतो, आणि सहा वर्षांनंतर खेळाडू खुल्या बाजारात जातो. खेळाडूची उमेदीची वर्षं साधारण पंचविशी ते तिशीच्या आतली, म्हणजे नेमकी स्वस्त वर्षं. खुल्या बाजारात तो येतो तोवर उताराला लागायची वेळ जवळ आलेली असते. या नियमानं गरीब संघ तगतात हे खरं, पण त्याची किंमत झिटोसारखा तरुण खेळाडू कमी पगारात चुकवतो. हिशेब मांडताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

जाणाऱ्यांमधूनही ओकलंडनं वसुली केली. तेव्हाच्या नियमानुसार मोठा खेळाडू गमावणाऱ्या संघाला नवोदितांच्या निवडीत, ड्राफ्टमध्ये, जादा क्रमांक मिळत. तिघं गेल्यामुळे २००२ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या ३९ पैकी सात निवडी ओकलंडच्या झाल्या. डेमनच्या बदल्यात मिळालेल्या बोस्टनच्या क्रमांकावर निक स्विशर आला, जिआंबीच्या बदल्यात मिळालेल्या यांकीजच्या क्रमांकावर जो ब्लँटन. दोघं पुढे बरीच वर्षं खेळले. त्याच यादीतला कॅचर जेरेमी ब्राउन, ज्याच्या वॉकच्या आकड्यांवर ओकलंड भाळलं होतं, मोठ्या लीगमध्ये फक्त पाच सामने खेळला.

बाजाराची चूकही फार काळ टिकली नाही. जान हेक्स आणि रेमंड सॉअर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली पगार आणि कामगिरी यांचे आकडे ताडून पाहिले. बेसवर पोहोचण्याच्या गुणाला त्याच्या विजयातल्या वाट्याच्या मानानं कमी पगार मिळत होता, आणि २००४ पर्यंत ती तफावत मिटली. तोवर बोस्टननं बिल जेम्स यांनाच नोकरीवर घेतलं होतं. श्रीमंत संघ तेच गणित करू लागले, की स्वस्तात मिळणारा हॅटेबर्ग उरत नाही.

ओकलंडला मग सहा वर्षांचं चक्रच पुन्हा पुन्हा फिरवावं लागलं. तेहादा २००३ च्या हंगामानंतर ७ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर बाल्टिमोरला गेला. २००४ च्या डिसेंबरात हडसन आणि मल्डर यांना करार संपण्याआधीच दुसऱ्या संघांना देऊन टाकलं. मल्डरच्या बदल्यात आलेला तरुण डॅन हेरन २००७ च्या ऑल-स्टार, म्हणजे दोन लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, सामन्यात अमेरिकन लीगचा पहिला पिचर होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला ॲरिझोनाला देऊन सहा होतकरू खेळाडू घेतले. त्यांतल्या कार्लोस गोन्झालेझला ओकलंडनं वर्षभरात कोलोराडोला देऊन मॅट हॉलिडेला आणलं, आणि २०१० मध्ये नॅशनल लीगमधली सर्वोच्च फलंदाजी सरासरी होती कोलोराडोच्या कार्लोस गोन्झालेझची.