'अनप्रोटेक्टेड' या एका शब्दाचा घोळ

गे आणि बाय (पुरुष आणि बाई दोघांकडेही ओढ असणाऱ्या) पुरुषांना एचआयव्ही टेस्टच्या फॉर्मवर वर्षानुवर्षं एक प्रश्न विचारला गेलाय, की अनप्रोटेक्टेड सेक्स केलात का, आणि त्याचा अर्थ एकच असायचा, कंडोम होता की नव्हता. आज वाद चाललेत प्रेपवर, म्हणजे लागण होऊ नये म्हणून निगेटिव्ह माणसाने आधीच घ्यायच्या औषधावर, त्याच्या इंजेक्शनवर, पण त्या सगळ्याच्या मुळाशी हाच शब्द आहे असं मला वाटतं.

१९८१ चा जून, लॉस एंजेलिसमधले न्यूमोनिया झालेले ते पाच तरुण, एड्सची पहिली नोंद, हे सगळ्यांना माहितीये, परत सांगत नाही. १९८३ ची गोष्ट मात्र सांगायला हवी. न्यूयॉर्कमधल्या दोन आजारी गे पुरुषांनी एका डॉक्टरच्या मदतीने चाळीसेक पानांची पुस्तिका काढली. आजार नेमका कशामुळे होतो यावर तेव्हा एकमत नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं की सेक्स सोडायची गरज नाही, वीर्य एकमेकांच्या शरीरात जाऊ देऊ नका, कंडोम वापरा. म्हणजे सेफ सेक्स ही आयडिया वरून कोणी दिलेली नाही, ज्यांचे मित्र मरत होते त्यांनीच ती काढली. तेव्हा हातात दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे सेफ म्हणजे कंडोम हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं बसलं की पुढची तीस वर्षं हललं नाही.

आकडे मात्र या समीकरणाला पुरून उरले. १९९६ नंतर नवीन औषधांनी मरणं कमी झाली पण नवीन लागण थांबली नाही. लोक लगेच 'पार्टनर जास्त असतात ना' म्हणून मोकळे होतात, तेवढंच नाहीये ते. पार्टनर पॉझिटिव्ह असून औषधावर नसेल आणि कंडोमही नसेल, तर गुदमैथुनात आत घेणाऱ्याला एका वेळचा धोका साधारण १.४ टक्के, योनिमैथुनात बाईला ०.०८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सतराअठरा पट फरक, आणि त्यात पार्टनर लहानशाच गटातून मिळतात, तिथे आधीच लागण जास्त. जगभरात गे आणि इतर एमएसएम, म्हणजे पुरुषांशी सेक्स करणाऱ्या, पुरुषांमधलं एचआयव्हीचं प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास धरतात, एकूण प्रौढांमध्ये ०.७. (बाय पुरुषांचा वेगळा आकडा शोधायला जाल तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही, 'एमएसएम' नावाच्या एकाच डब्यात सगळे.)

मग २०१० ला प्रेपची पहिली मोठी ट्रायल आली, सहा देश, २,४९९ जण, रोज एक गोळी. निकाल आला ४४ टक्के कमी लागण आणि सगळीकडे तोच आकडा छापून आला, अर्धवटच चालतं म्हणे हे औषध. खरं तर बऱ्याच जणांनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या, ज्यांच्या रक्तात औषध सापडलं त्यांच्यात धोका ९२ टक्क्यांनी कमी होता. न घेतलेल्या गोळीचं अपयश गोळीच्या नावावर गेलं. २०१२ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली तेव्हा सगळ्यात बोचरी टीका गे लोकांमधूनच झाली, गोळी घेणाऱ्यांना छिनाल म्हणण्यापर्यंत मजल गेली, कारण कंडोम नाही म्हणजे बेजबाबदार.

इथे शब्द अडकला. रोज गोळी घेणारा माणूस कंडोमशिवाय झोपला तर फॉर्मवर काय लिहायचं? अनप्रोटेक्टेड? आणि ज्याचा पार्टनर पॉझिटिव्ह आहे पण औषधांमुळे अनडिटेक्टेबल आहे, म्हणजे रक्तातला विषाणू टेस्टमध्ये सापडत नाही इतका कमी झालाय, त्याने? कार्यकर्ते मागे लागले आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने तो शब्द सोडून सरळ 'कंडोमशिवाय सेक्स' म्हणायला सुरुवात केली. बातमी लहान होती, पण माझ्या मते प्रेपच्या मंजुरीइतकीच मोठी, कारण जुने सर्वे गोळीवरच्या माणसालासुद्धा धोक्याच्या रकान्यात टाकत होते. विरोधकांचं म्हणणं होतं की याने कंडोम सुटेल, गनोरिया-सिफिलिस वाढेल. कंडोम काही प्रमाणात सुटला हे खरंय, आणि हे आजार वाढलेत हेही खरंय, फक्त ते प्रेपच्या आधीपासूनच वाढत होते.

२०१९ मध्ये तर विषयच मिटला. एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह अशा ७८२ गे जोडप्यांचा युरोपातला अभ्यास, कंडोमशिवाय जवळपास ७६ हजार वेळा सेक्स, आणि अनडिटेक्टेबल पार्टनरकडून लागण शून्य. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये ३,७०० जणांना भराभर प्रेप दिलं तर वर्षभरात राज्यातल्या गे-बाय पुरुषांमधलं नवीन निदान २९५ वरून २२१ वर आलं. इंग्लंडमध्ये मात्र २०१६ ला 'पैसे कोणी द्यायचे, आम्ही का स्थानिक पालिकांनी' यावरून एका एचआयव्ही संस्थेने सरकारी आरोग्यसेवेला कोर्टात खेचलं, आरोग्यसेवा हरली, अपीलही हरली, आणि रीतसर सेवा सुरू व्हायला २०२० उजाडलं.

रोजची गोळी नको असेल तर दोन-एक-एकचा हिशोब आहे, सेक्सच्या आधी २ ते २४ तासांत दोन गोळ्या, मग त्या डोसनंतर चोवीस तासांनी एक, अजून चोवीस तासांनी एक. आणि आता प्रेपचंच सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन आलंय, २०२४ च्या ट्रायलमध्ये ते घेणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांत लागण झाली फक्त दोघांना. अमेरिकेत जून २०२५ ला ते मंजूर झालं, आणि लगेच भांडण सुरू झालं किमतीचं.