पत्ते मोजणं आणि पत्त्यांत लबाडी करणं

चतुर्थीला आमच्या गावच्या घरी रात्रीच्या आरत्या झाल्या की मेंढीकोट रंगतो. दहावा हात उचलता उचलता कुणीतरी पुटपुटतं, "हुकूम अकरा गेले, दोनच राहिलेत." त्याला कुणी लबाड म्हणत नाही. उलट असा भिडू आपल्याकडे यावा म्हणून ओढाताण होते. शेजाऱ्याच्या हातात डोकावणाऱ्याला मात्र पुढच्या डावाला कुणी बसू देत नाही.

कोल्हापूरचा माझा भाचा गोव्याच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटीवर निघाला, तेव्हा मला हाच फरक त्याला समजावून सांगावा लागला. "मामा, ब्लॅकजॅकला पत्ते मोजले तर पोलीस धरतात का हो?" असं त्याने विचारलं होतं. ब्लॅकजॅक म्हणजे डीलरविरुद्ध, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कॅसिनोच्या माणसाविरुद्ध, खेळायचा डाव: पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण पलीकडे जाऊ द्यायची नाही. (मला स्वतःला त्या बोटीवर जाता येत नाही, १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत प्रवेश बंद आहे.)

मोजणारा पत्ते पाठ करतो, हा पहिला गैरसमज. सहा जोड म्हणजे ३१२ पत्ते, ते कोण पाठ करणार? तो डोक्यात एकच आकडा चालवतो. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता पडला की एक मिळवायचा, दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का पडला की एक वजा करायचा, आणि सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. पंजी, राजा, तिर्री, छक्की, अठ्ठी, दुर्री असे पडले तर आकडा तीन. मग किती जोड उरले त्याने भागायचं. तीन जोड बाकी असतील तर हाती आला एक, म्हणजे फारसं काही नाही. तोच आकडा बारा असता तर भागून चार आले असते, आणि तेव्हा पैज वाढवण्यात अर्थ होता. उरलेल्या गठ्ठ्यात मोठे पत्ते जास्त असले की खेळणाऱ्याला ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस) लागण्याची शक्यता वाढते, आणि सोळावर अडकलेल्या डीलरला नियमाने पत्ता घ्यावाच लागतो, त्यात तो एकवीसच्या पलीकडे जातो. एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने संगणकावर हिशेब करून हे १९६२ मध्ये जगासमोर मांडलं. यातून मिळणारा फायदा शेकडा एकाच्या आसपास. तोही तासन्‌तास न चुकता मोजलं तर.

लबाडीची जात वेगळी. पत्त्यावर नखाने खूण करणं, निकाल लागल्यावर हळूच चिप सरकवणं, डीलरला फितवणं. मोजणारा सगळ्यांना दिसणारे पत्तेच पाहतो. लबाड दुसऱ्याला न दिसणारं काहीतरी मिळवतो किंवा खेळच बदलतो. यंत्राची मदत घेतली तरी रेषा ओलांडली जाते. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात १९८५ पासून त्यावर कायद्याने बंदी आहे, डोक्यातल्या मोजणीवर नाही.

अमेरिकन पोकरपटू फिल आयव्हीचं प्रकरण मला या रेषेवरचं सगळ्यात बोलकं वाटतं. २०१२ मध्ये लंडनच्या एका कॅसिनोत तो पुंतो बँको हा पत्त्यांचा जुगार खेळत होता. पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना किंचित वेगळी होती. त्याच्या साथीदारणीने 'शुभ-अशुभ' मानत असल्याचं भासवून डीलरकडून ठरावीक पत्ते उलट दिशेने फिरवून घेतले. मग पाठीवरूनच पत्ता ओळखता येऊ लागला. जिंकलेले ७७ लाख पौंड कॅसिनोने दिले नाहीत, आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूकच ठरवली. आयव्हीने पत्त्याला बोटही लावलं नव्हतं. पण डीलरला अंधारात ठेवून त्याच्याच हातून पत्ते मांडून घेतले होते. माझ्या मते निकाल बरोबरच होता.

मग गोंधळ का होतो? कॅसिनो दोघांनाही उठवतो म्हणून. कॅमेऱ्यामागचा माणूस खेळणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा पैज पाहतो: तासभर हजाराची लावणारा एकदम आठ हजारांवर का गेला? लबाड सापडला तर चित्रफीत आणि पोलीस. मोजणाऱ्यावर गुन्हा लावता येत नाही, म्हणून त्याला नम्रपणे दुसरा खेळ सुचवतात किंवा दार दाखवतात. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या अटलांटिक सिटीत तेही जमत नाही. पत्ते मोजणाऱ्या केन यूस्टनच्या खटल्यात १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने केवळ मोजतो म्हणून कॅसिनोने स्वतःच्या मर्जीने हाकलायचं नाही असं सांगितलं. तेव्हा कॅसिनोंनी माणसाऐवजी खेळच बदलला: अर्धा गठ्ठा संपायच्या आत पुन्हा पिसायचं, मधेच येऊन बसणाऱ्याला थांबवायचं. काही ठिकाणी तर शंभराच्या ब्लॅकजॅकला १५० ऐवजी १२० देतात. हे नियम न मोजणाऱ्या साध्या माणसालाही भोगावे लागतात. त्याचं मला वाईट वाटतं.

भाचा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. "मामा, मोजायला काही उरतच नव्हतं. डाव संपला की डीलर वापरलेले पत्ते लगेच त्या पिसण्याच्या यंत्रात टाकत होता." यंत्र सतत पिसत असेल तर आकडा वाढायला वावच राहत नाही. मी त्याला विचारलं, मग किती वेळ बसलास? म्हणाला, "वीस मिनिटं. मग जेवायला गेलो."